मांजरपाटावरचं मावळ

बाई,

तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्यापेक्षा मोठी झालेय. वयानं म्हणतेय, बाकी कशानं नाही. तुम्हाला पन्नाशी बघायला मिळाली नाही आणि माझी सत्तरी उलटून गेली. खरं तर आता मी तुम्हाला 'अगं' म्हणायला हवं, पण ते या जन्मात जमणार नाही. तुम्ही फळ्याकडे तोंड करून उभ्या असलात तरी मागच्या बाकावरची कुजबुज तुम्हाला ऐकू जायची. अजूनही तुमची आठवण आली की मी बसल्या जागी पदर सारखा करते. हसू नका, खरं सांगतेय.

लिहायचंय ते तुमच्या मांजरपाटाच्या खेळाबद्दल. आणि माझी शाळा सुटायची वेळ आली तेव्हा आमच्या अंगणात तुम्ही जे बोललात त्याबद्दल. शाळा तर तुमच्या त्या एका वाक्यानं वाचली. पण ते वाक्य मी जन्मभर उलटं समजत आले की काय, असं गेल्या आठवड्यापासून वाटायला लागलंय. मला मधूनच सुरुवात करायची खोड आहे, तुम्ही तिच्यावरून पुष्कळदा बोललायत. म्हणून पहिल्यापासून सांगते.

खेळ निघाला तो माळ्याच्या पोरामुळे. खंडाळ्याच्या एका बंगल्यावर त्याचे वडील माळी होते आणि हा आमच्या वर्गात. सहामाहीच्या पेपरात त्यानं लिहिलं, मावळे गाडीनं मळवलीला उतरले आणि तिथून लोहगड चढले. तुम्ही ते वर्गात वाचून दाखवलंत. पोरं बाकं बडवून हसली. तुम्ही हसला नाहीत. "याला वाट बरोबर ठाऊक आहे," म्हणालात, "काळ तेवढा चुकला." आणि त्याच शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्याला, गार्डच्या मुलीला आणि मला तुमच्या खोलीवर यायला सांगितलंत. गार्डची मुलगी म्हणजे जिचे वडील मालगाडीवर गार्ड होते ती. तिच्या पेपरात पेशव्यांनी तार केली होती. मी काय लिहिलं होतं ते मी अजूनही कुणाला सांगत नाही. आम्हाला वाटलं, आता छड्या. तिघंही बाजारातून रेंगाळत, एकमेकांना पुढं ढकलत आलो. तर आत चटईवर तुम्ही गादीची जुनी खोळ उसवून तिचा मांजरपाट अंथरला होता, आणि त्यावर आपलं सगळं मावळ काढलं होतं. एकदा नाही, एकावर एक असं चारदा.

सगळ्यात खालच्या पट्ट्यात लेणी खोदणाऱ्यांचा काळ, त्यावर किल्ल्यांचा, त्यावर इंग्रजांचा, त्यावर आजचा. चारही पट्ट्यांत तेच डोंगर, तीच नदी, तीच खेडी त्याच त्या जागी. अगदी वर एक पाचवा पट्टा तुम्ही कोरा ठेवला होता आणि त्याच्या कडेला लिहिलं होतं 'पुढं'. प्रत्येकाचं एक घर, घरात तीन माणसं. माळ्याच्या पोराची माणसं म्हणजे सुपाऱ्या, गार्डच्या मुलीची बटणं, माझ्या कवड्या, तुमचे बांगड्यांचे तुकडे. दान टाकायला मधून फोडलेले चिंचोके. घाटातल्या बोगद्याच्या घरात सोंगटी शिरली की ती पाहिजे त्या काळात बाहेर निघायची. मागच्या काळात गेलं की तिथं एक काम करता यायचं. विहीर खणायची, झाड लावायचं, वाट पाडायची, नाहीतर दुसऱ्यानं केलेलं मोडायचं. ते तुम्ही खडूनं काढायचात. खाली खणलेली विहीर वरच्या सगळ्या काळांत असायची, आणि कुणी खाली जाऊन ती बुजवली की वर आजच्या पट्ट्यात बसलेल्या माणसाच्या तोंडचं पाणी पळायचं. आपली तिन्ही माणसं पाणी, सावली आणि वाट मिळवून कोऱ्या पट्ट्यात पोचवायची, की जिंकलं. आणि जिंकणाऱ्यानं त्या कोऱ्या पट्ट्यात एक गोष्ट काढायची, ती मात्र कधी पुसायची नाही.

काय सांगू बाई, वेड लागलं आम्हाला. माळ्याचं पोर तर शनिवारी शाळेतच दप्तर बांधून बसायचं. तो खेळायचा दांडगाईनं. दुसऱ्याची विहीर बुजवायला तो लेण्यांच्या काळापर्यंत जायचा आणि वर आल्यावर विचारायचा, "काय गं, तहान लागली का?" गार्डची मुलगी शांत. ती बोगद्याच्या तोंडाशी सोंगटी लावून बसून राहायची, आणि सगळ्यांचं सगळं करून झालं की एका दानात फायदा घेऊन पुढं. मी मात्र सारखी हरायची. कारण कुणाचं घर मागं पडलं की मी माझं दान त्याला द्यायची. पहिल्यांदा दिलं तेव्हा तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "हे काय?" मी म्हटलं, "तिचं मागं ऱ्हायलंय ना बाई. इर्जिक." आमच्याकडे एकाचं शेत मागं पडलं की सगळा गाव आपापले बैल घेऊन त्याच्या शेतात उतरायचा. त्यानं फक्त सगळ्यांना जेवू घालायचं. मग दुसऱ्याचं अडलं की तोही उतरणार. त्याला इर्जिक म्हणतात, हे तुम्हाला पुण्याच्या असूनही माहीत होतं. तुम्ही म्हणालात, "गावाला उद्या असतो. हा खेळ पाच वाजता संपणार आहे." गार्डच्या मुलीनं माझं दान घेतलं, जिंकली, आणि परत काही दिलं नाही. बाकी स्वभावानं चांगली होती ती.

तुमचं स्वतःचं खेळणं मात्र वेगळंच. तुम्ही कुणाचं काही मोडायचा नाहीत आणि कुणाचं काही घ्यायचाही नाहीत. कुणी खणलेल्या विहिरीजवळ तुमचं माणूस येऊन थांबलं तरी तुम्ही स्वतःची वेगळी विहीर खणायचात. खेळाबाहेरही तुमचं तसंच. शेजारच्या काकूंनी वाटीभर आमटी दिली तर ती वाटी संध्याकाळच्या आत काहीतरी घालून परत जायची. एकदा तुम्हाला ताप भरला होता, आवाज निघत नव्हता, तेव्हा गार्डच्या मुलीच्या आईनं खिचडीचा डबा पाठवला. "मी बरी आहे," म्हणून तुम्ही तो तसाच परत केलात आणि शाल गुंडाळून तास घ्यायला आलात. तुम्ही एकट्या का, तुमचं कोण कुठं असतं, हे आम्ही कधी विचारलं नाही. विचारायची छातीच नव्हती. गावात लोक काय काय बोलायचे, ते तुमच्याही कानावर असणारच.

त्याच साली आमच्या नदीवर धरण होणार हे पक्कं झालं. आमचं गाव पवन मावळात, पार खाली नदीच्या काठाला. मी वलवणला मावशीकडे राहून शाळा शिकत होते. गावाहून कुणी आलं की मावशीच्या ओट्यावर तेच बोलणं. कुठवर पाणी येणार, कुणाचं शेत जाणार, सरकार बदली जमीन कुठं देणार. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. मग एका शनिवारी माळ्याचं पोर जिंकलं आणि कोऱ्या पट्ट्यात काय काढलं त्यानं? तळं. कपड्याची नीळ पाण्यात कालवून, बोटानं, ऐसपैस तळं, नेमकं आमच्या गावावर. वर दोन होड्या. "काठावर बंगले होणार," म्हणाला, "आमचे बाबा म्हणतात, माळ्यांना लय कामं निघतील." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, आता कळतं. पण तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तांब्यातलं पाणी घेतलं, परकराचं टोक भिजवलं आणि खसाखसा पुसायला लागले. नीळच ती. पुसावी तशी पसरली. तळं दुप्पट झालं आणि लोहगडाच्या पायथ्यापर्यंत गेलं. माळ्याचं पोर म्हणालं, "घे! आता तर आणखीन होड्या बसतील." मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

आणि तुम्ही मलाच बोललात. "तो नियमानं जिंकलाय. तुला नको वाटलं म्हणून ते पुसलं जाणार नाही. पुढच्या वेळी तू जिंक आणि काठावर काय पाहिजे ते काढ." मी रडत होते तरी तुमचा आवाज खाली आला नाही. मला तुमचा इतका राग आला बाई, की दोन शनिवार मी आलेच नाही. मावशीला म्हटलं, बाई दगड आहेत. मावशी म्हणाली, "आगं, दगडावरच पाय ठरतो. जा." तिसऱ्या शनिवारी आले आणि पहिल्यांदा डोकं लावून खेळले. किल्ल्यांच्या काळात जाऊन वरच्या अंगाला, डोंगराच्या बाजूनं विहीर खणली, आंबा लावला, घाटाकडे वाट काढली. कुणाला दान दिलं नाही. जिंकले, आणि तळ्याच्या काठावर, पाण्याच्या वर, आमचं गाव काढलं. तुम्ही नुसती मान हलवलीत. गावातली कौलं मी मोजून काढली होती, एकही घर सोडलं नाही.

पण गाव खरोखर उठायची वेळ जवळ आली. आमच्या घराला आणि आणखी काही घरांना लांब सपाटीवर जमीन दाखवली होती. डोंगर नाही, भात नाही, ओळखीचं माणूस नाही. त्यातच मावशीच्या घरात सून आली. खोली एकच, तिथं मी कुठं मावणार? वडील वलवणला आले आणि मावशीला म्हणाले, "पोरीला घिऊन जातो. तितं गेल्यावर बगू शाळंचं." तिथं शाळा नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही वह्या तपासत होता. तुम्ही मान वर केली नाहीत, फक्त विचारलंत, "तुमच्या गावाला एस.टी. कुठपर्यंत जाते?"

भात झोडून झालं होतं, त्या सुमारास तुम्ही आलात. एस.टी.नं जाता आलं तिथवर, आणि पुढं खिंडीतून चालत. हातात छत्री, खांद्याला पिशवी, आणि पिशवीत मांजरपाट. का आणला होतात, ते मला अजून कळलेलं नाही. बोलायला काहीतरी निमित्त पाहिजे म्हणून असेल. आई चहा ठेवायला उठली तर "नको, पाणी द्या फक्त," म्हणालात. वडिलांनी घोंगडी टाकली. शेजारचे आबा आले, माझे चुलते आले. आबा म्हणजे आमच्या गल्लीतले सगळ्यात म्हातारे आणि सोंगट्या खेळण्यात पटाईत. पिशवीतनं मांजरपाट बाहेर आला आणि आबांचे डोळे लकाकले. "आरं, ही तर आपली नदी! आन् ह्यो कोन, लोहगड? बसा बाई, बसा. येक डाव हुं द्या. बोलनं काय, मागनं बी व्हईल."

बसलात तुम्ही चौघं. तुम्ही, वडील, चुलते, आबा. मी वडिलांच्या मागं, आई दारात. भोवती अर्धा गाव. तुम्ही नियम सांगितलेत, त्यांनी माना डोलावल्या, आणि पहिल्या दोन-तीन दानांतच वडिलांनी आपलं दान आबांना दिलं. आबांची माणसं लेण्यांतच अडकली होती. तुम्हाला वाटलं त्यांना खेळ कळला नाही. तुम्ही समजावून सांगितलंत, "भाऊ, दान आपलं आपणच खेळायचं असतं." वडील म्हणाले, "व्हय, व्हय," आणि पुढच्या खेपेला पुन्हा दिलं. मग आबांनी चुलत्यांना, चुलत्यांनी वडिलांना. विहीर एकच खणली, खाली, सगळ्यात आधीच्या काळात, आणि सगळ्यांची माणसं तिच्यावरच पाणी प्याली. कुणी काही मोडलं नाही. भोवतीची माणसं ओरडून सांगत होती, आता याला द्या, आता त्याला. बघता बघता तिघांचीही माणसं कोऱ्या पट्ट्याच्या काठावर येऊन बसली. तुमची मात्र तिन्ही, आपली वेगळी विहीर खणत, इंग्रजांच्या काळात.

वडिलांच्या हातात दान होतं. एक सोंगटी सरकवली की जिंकले असते. ते थांबले. "बाई, तुमची मंडळी लय मागं ऱ्हायली. घ्या, माजं दान घ्या." "नको," तुम्ही म्हणालात, "माझं मी बघते." आबा हसले. "आवं, मग आमी समदे हितंच बसनार. येकाला मागं टाकून वर जायाचं कसं?" तुम्ही म्हणालात, "तुम्ही जिंकलायत. जा ना." तेव्हा वडील गंभीर झाले. त्यांनी चिंचोके खाली ठेवले. "बाई, तुमी कशापायी आलाय ते आमाला कळतंय. पोरीला हितं ठिवा, आन् तुमी जावा, ह्येच सांगाया आलाय न्हवं? तुमीच बगा आता. घर उठलं, शेत चाललं, निम्मं गाव हिकडं, निम्मं तिकडं. त्यात आपलं पोरगं मागं टाकून मी वर जाऊ? न्हाई जमायचं. ती कुटं मागं ऱ्हायची न्हाई." इतका वेळ मला वाटत होतं, आपण जिंकतोय, आपल्या माणसांचं इर्जिक बाईंना हरवतंय. आणि त्याच इर्जिकानं माझी शाळा गेली. कारण वडिलांचं चुकत नव्हतं. एवढी बरोबर असलेली माणसं आपल्याला अडवायला उभी राहिली की काय बोलायचं असतं?

तुम्ही पदर पुढं ओढलात. मग म्हणालात, आणि वर्गात बोलता तसं नाही, "ती मागं राहत नाही, भाऊ. मागं मी राहिलेय." वडिलांनी वर बघितलं. तुम्ही म्हणालात, "माझं कुणी नाही. शाळेतून घरी गेले की दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नाही. दिवा लावते, जेवते, दिवा मालवते. तुमचं इर्जिक शेतापुरतंच असतं का? नसेल, तर मला द्या. मॅट्रिक होईपर्यंत हिला माझ्याकडे राहू द्या."

बाई, मी मान वर केली नाही. माझ्या बाई, ज्यांनी तापात खिचडीचा डबा परत केला, त्या माझ्या बापाकडे, आमच्या शेणानं सारवलेल्या अंगणात, सगळ्या गावासमोर मागत होत्या. आई दारातून आत गेली. आबा घसा साफ करून म्हणाले, "बाईंनी इर्जिक मागितलंय. चारचौघांत मागितलंय." म्हणजे प्रश्न मिटला. आमच्याकडे ते कुणी नाकारत नाही. नाकारलं तर मग पुढं कुणाच्या तोंडाकडे बघायचं? वडिलांनी चिंचोके उचलले आणि ते तुमच्या पुढ्यात ठेवले. "घ्या," म्हणाले. तुम्ही ते उचललेत. आबांना मात्र राहवलं नाही. "पर इर्जिकाला जेवान लागतं, बाई. काय घालनार?" तुम्ही म्हणालात, "पिठलं-भात. मला तेवढंच बरं येतं." तेव्हा सगळं अंगण हसलं, वडीलसुद्धा. आई भाकरी घेऊन बाहेर आली आणि त्या वेळी तुम्ही नको म्हणाला नाहीत. मग जेवणखाण आणि तुमच्या परतीच्या एस.टी.ची घाई. कोऱ्या पट्ट्यात कुणी काय काढायचं ते राहूनच गेलं.

मी तुमच्याकडे राहिले. पिठलं खरोखर तेवढंच बरं होतं, बाकी स्वयंपाक माझा. गावाची निम्मी घरं एकीकडे गेली, निम्मी दुसरीकडे. आमच्या लोकांना तिकडे नवीन शेजाऱ्यांनी इर्जिक कधी दिलं नाही आणि यांनी मागितलंही नाही, असं वडील सांगायचे. ते मला भेटायला यायचे तेव्हा तुमच्या ओट्यावर बसायचे, तुम्हाला 'बाई, बरं हाय न्हवं?' एवढंच विचारायचे आणि तांदळाची पिशवी ठेवून जायचे. ती मात्र तुम्ही परत केली नाहीत. तुम्ही माझे लाड केले असतील असं कुणाला वाटेल. कसले लाड! भूगोलाचा नकाशा चुकला की रात्रीचं जेवण झाल्यावर पुन्हा काढायला लावायचात. अंगणात जे बोललात त्यातलं एक अक्षर पुन्हा तुमच्या तोंडून निघालं नाही. म्हणून मी ठरवून टाकलं की ते नाटक होतं. माझ्यासाठी केलेलं. आईचं तेच मत, गार्डच्या मुलीचं तेच. ती तर म्हणाली, "बाईंनी काय सोंग वठवलं गं! आपल्या बाई आणि एकट्या? बाईंना कुणी नकोच असतं." आम्ही दोघी पोट धरून हसलो. मला तुमचा केवढा अभिमान वाटला, माझ्या शाळेसाठी तुम्ही चारचौघांत एवढं बेमालूम खोटं बोललात म्हणून. नर्सिंगला पुण्याला गेले तेव्हाही तुम्ही स्टँडवर मेतकुटाची बरणी दिलीत आणि म्हणालात, "आठवड्याला पत्र नको. महिन्याला पुरे. अभ्यास कर." आणि एस.टी. सुटायच्या आधीच वळून निघालात. म्हटलं, बघा, दगड तो दगड.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी वॉर्डात होते. धावत आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. माळ्याचं पोर भेटलं, तो तेव्हा त्याच तळ्याच्या काठी एका बंगल्यावर कामाला लागला होता, त्याचं म्हणणं खरं झालं होतं. रडत होता. म्हणाला, तू गेल्यावर बाई मला बोलवायच्या, दर शनिवारी, मांजरपाट टाकून. दोघंच खेळायचो. मला वाटायचं शिकवणी आहे. हरल्या तरी उठू द्यायच्या नाहीत. आणखी एक डाव म्हणायच्या, अजून उजेड आहे म्हणायच्या. मी ऐकलं आणि सोडून दिलं. त्या वेळी मला नोकरी होती, लग्न ठरत होतं, माझ्याभोवती दिवसभर माणसंच माणसं होती. ऐकलेलं सगळं त्या वेळी कळतंच असं नाही.

आता मी सोमाटण्याला असते. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. फ्लॅट बरा आहे, हवा खेळती आहे, खाली दुकानं आहेत. गेल्या रविवारी मुलगी आली, नातीला आणि नातीच्या दोन मैत्रिणींना घेऊन. पोरींनी पुढच्या खोलीत एक मोठं खोकं उघडलं. जाड पुठ्ठ्याचा पट, रंगीत सोंगट्या, पत्ते. मागच्या काळात जायचं, तिथं काहीतरी बदलायचं आणि मग पुढं येऊन बघायचं कुणाचं काय झालं. नियमांचं पुस्तक केवढं! मी चष्मा लावून बसले आणि म्हटलं, हे आम्ही चिंचोक्यांवर खेळायचो. "काहीही हं आजी!" मला घेतलं त्यांनी खेळात. मी चांगली खेळले, बाई. नात किंचाळत होती, तिची मैत्रीण तिच्या मागं जाऊन तिचाच पूल पाडत होती, आणि कुणाचं फार मागं पडलं की मी आपलं एक पान तिला देत होते. "आजी, असं नसतं गं!" घर कसं भरून गेलं होतं.

मग त्या निघाल्या. पोरी जिन्यानं धडाधडा खाली गेल्या आणि मुलगी दारात थांबली. चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, मी येऊन राहू का गं थोडे दिवस? ऑफिसचं काम इथूनही होईल. तुला सोबत." मी काय म्हटलं माहितीये? "मला काय धाड भरलीय? तू तुझं घर बघ." म्हणाले आणि हसलेसुद्धा. ती म्हणाली, "बरं." मी दार लावलं. खुर्च्या जागेवर लावल्या, पोरींचे पेले विसळले. संध्याकाळ झाली, दिवा लावला, जेवले. आणि ताट घासता घासता तुमचं अंगणातलं बोलणं शब्द न् शब्द आठवलं. शाळेतून घरी गेले की दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत. असं कुणी बनवून बोलत नाही, बाई. इतकं साधं खोटं कुणाला सुचत नाही. तुम्ही माझ्यासाठी नाटक केलं नव्हतं. तुम्ही खरंच मागत होता, आणि माझी शाळा त्यात वाचली, एवढंच.

हे मी आठवडाभर थोडं थोडं लिहितेय. टाकणार कुठं? तुमच्या त्या दोन खोल्यांच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. आणि तुम्ही वाचलंत तरी म्हणाल, मला काय सांगतेस, जिला सांगायचं तिला सांग. तुम्ही परक्या गावात, परक्या माणसांपुढं बोललात. मला माझ्या दारात, माझ्या पोटच्या पोरीपुढं जमलं नाही. तिला नको म्हणाले, बाई. मला ती राहायला हवी होती.